अ‍ॅक्सलचा बूट फाटलाय, गॅरेजवाला पूर्ण अ‍ॅक्सल टाका म्हणतो. नुसता बूट बदलून चालेल का? आणि तोवर गाडी किती किलोमीटर चालवता येईल?

चालेल. बूट म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, आणि अ‍ॅक्सल म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा शाफ्ट, दोन्ही टोकांना जॉइंट असलेला. जॉइंट वाजत नसेल तर नुसता बूटच बदलायचा. पूर्ण अ‍ॅक्सल टाका म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की जॉइंट धुऊन पाहिलात का. बहुतेक ठिकाणी पाहिलेलाच नसतो.

तुमची वॅगनआर आहे, डाव्या रिमच्या आतून काळं ग्रीस उडालंय आणि आवाज अजून नाही, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे चाकाकडचा बूट गेलाय. आधी तोच जातो, कारण स्टिअरिंगबरोबर तो पूर्ण वाकतो आणि रबर घडीत चिरतं. मोकळ्या जागेत स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून हळू अ‍ॅक्सिलरेटर द्या, पुढे आणि मग रिव्हर्सला, दोन्ही बाजूंना. कट-कट-कट ऐकू आलं तर बाहेरचा जॉइंट झिजलाय. सरळ जाताना पिकअपला गाडी थरथरत असेल तर आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट तपासा. दोन्ही नसेल तर अ‍ॅक्सल चांगला आहे असं धरून काम सुरू करायचं.

मग गॅरेजवाले अ‍ॅक्सलच का सांगतात? मेहनत वाचते म्हणून. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत चाकाकडचा जॉइंट शाफ्टवरून सुटत नाही, कंपनी तो उघडायला मनाई करते. म्हणून बाहेरचा बूट घालायला आख्खा शाफ्ट काढून आतल्या टोकाचा ट्रायपॉड (तीन रोलरचा तुकडा) सोडवावा लागतो आणि नवा बूट त्या बाजूने सरकवत आणावा लागतो. ज्याला हे टाळायचं असतं तो एकतर पूर्ण अ‍ॅक्सल सांगतो, नाहीतर उभी चीर ठेवलेला, शाफ्ट न काढता गुंडाळून सोल्यूशनने चिकटवायचा बूट लावतो.

चिकटवलेल्या बुटाचं काय होतं ते कुंभार्ली घाट चढून आलेल्या एका स्विफ्टवर नीट दिसलं. बूट चिकटवलेला, दोन्ही टोकांना प्लास्टिकचे टाय, आत साधं एपी-३ ग्रीस. चिकटवायच्या कडांवर ग्रीसचा थोडा अंश असला तरी सोल्यूशन धरत नाही, आणि स्टिअरिंग वळलं की नेमकी तीच जोडाची रेघ ताणली जाते. पावसात ती उघडली. आतलं ग्रीस पाणी पिऊन राखाडी, पांढुरकं झालं होतं. ज्यांनी चिकटवला त्यांनीच मग दोन्ही बाजूंचे अ‍ॅक्सल बदला असं सांगितलं. उजवीकडचा बूट अखंड होता, ग्रीसचा एक थेंब बाहेर नव्हता. तो बदलायचं कारणच नव्हतं.

शाफ्ट काढला, डावा जॉइंट रॉकेलने ब्रश मारून धुतला. जॉइंट शाफ्टवरच ठेवून चहूबाजूंनी तिरका केला की पिंजऱ्याच्या (गोळ्या धरून ठेवणाऱ्या कड्याच्या) खिडक्यांतून सहाही गोळ्या एकेक करून दिसतात. गोळीवर खड्डे, तापून निळी पडलेली झाक, गोळीच्या वाटेत नखाला लागणारी पायरी, पिंजऱ्याला तडा, यातलं काहीही दिसलं तर जॉइंट बाद. त्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. नवा बूट, मॉलिब्डेनमचं ग्रीस, स्टीलच्या पट्ट्या, एवढ्यावर काम झालं. तो जॉइंट अजून वाजलेला नाही. बूट किट काही शे रुपयांचं, अ‍ॅक्सल काही हजारांचा, आणि बाजारात मिळणाऱ्या स्वस्त अ‍ॅक्सलमधलं पोलाद कसं असेल ते कोणी सांगू शकत नाही. धडधाकट कंपनी जॉइंट भंगारात देऊन तसला बसवणं मला पटत नाही.

तुमच्या गाडीचं काम करताना चाक जमिनीवर असतानाच अ‍ॅक्सलचा नट सैल करून घ्यायचा. बहुतेक छोट्या गाड्यांना ३० किंवा ३२ मिमीचं सॉकेट लागतं. नटाची कड खाचेत दाबलेली असते, ती आधी छिन्नीने उचला. मग जॅक, स्टँड, चाक बाहेर. गिअर ऑइल आधी काढून घ्या, नाहीतर शाफ्ट ओढताच ते सांडतं. लोअर आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून (चाकाचा हब धरणाऱ्या भागातून) सोडवा. शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे दोन बोल्ट खोलू नका, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) हलतो आणि अलाइनमेंटचा खर्च वाढतो. कॅलिपर काढावा लागला तर तारेने टांगा, ब्रेकच्या नळीवर लोंबू देऊ नका. शाफ्ट हबमधून निघत नसेल तर नट टोकाच्या आट्यांशी सपाट ठेवून पितळी हातोडीने ठोका. शाफ्ट बाहेर असताना गाडी चाकावर उतरवायची नाही, बेअरिंग जातं.

ट्रायपॉड काढण्याआधी शाफ्टवर, ट्रायपॉडवर आणि तो ज्यात बसतो त्या आतल्या जॉइंटच्या भांड्यावर रंगाची खूण करा. पंच मारू नका. रोलर त्यांच्या जागेवरून काढू नका. आतला बूट निघालाच आहे तर तोही नवा टाका. मजुरी एकच पडते.

रॉकेल जॉइंटमध्ये उरलं तर नवं ग्रीस पातळ होतं, म्हणून जॉइंट हवेने पूर्ण सुकवायचा. नव्या बुटाला रॉकेल लागू द्यायचं नाही. ग्रीस किटमधलंच वापरा. आतल्या आणि बाहेरच्या जॉइंटला वेगळी पाकिटं असतील तर अदलाबदल करू नका.  निम्मं बोटाने दाबत गोळ्यांमध्ये, उरलेलं बुटात. पाकीट पूर्ण रिकामं करा, पण वरून डब्यातलं भरू नका, जास्त झालं की ते पट्टीखालून बाहेर येतं.

सगळ्यात जास्त काम पट्टीवर बिघडतं. बूट जिथे बसतो ती शाफ्टवरची खाच चिंधीने कोरडी पुसली नाही तर पट्टी कितीही आवळा, बूट सरकतो. मोठी पट्टी आधी आवळा. मग लहान टोकाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर घालून आतली हवा सोडा, बूट फुगलेला किंवा आत ओढलेला दिसता कामा नये, आणि मगच लहान पट्टीचा कान (वर आलेला भाग) कानाच्या पक्कडीने दाबा. साधी पक्कड कान वाकडा करते. सर्क्लिप (शाफ्ट जागेवर अडकवणारी स्प्रिंगची रिंग) आणि अ‍ॅक्सल नट नवाच. नट तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला, चाक जमिनीवर टेकवून. कड पुन्हा खाचेत दाबायला विसरू नका. शाफ्ट गिअरबॉक्समध्ये घालताना ऑइल सीलच्या ओठाला शाफ्टचे दाते लागू देऊ नका, आणि सर्क्लिप बसली का हे जॉइंटचं भांडं हाताने ओढून पाहा.

जुन्या मेकॅनिक मंडळींशी माझा वाद फाटक्या बुटावरूनच आहे. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसिडरच्या प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस जॉइंट ग्रीसगनने भरता यायचा, म्हणून फाटकं रबर त्यांना किरकोळ वाटतं. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हापासून पुढच्या चाकांचे जॉइंट निपलशिवाय, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाशिवाय, आहेत. आत ग्रीस राखणारं आणि चिखल अडवणारं दुसरं काहीच तिथे नाही.

अर्थात अपवाद आहेत. जॉइंट वाजतच असेल तर नवं ग्रीस आवाज चार दिवस दाबेल, बरा करणार नाही. तिथे अ‍ॅक्सल किंवा जॉइंट बदलावाच लागतो. आतल्या भांड्यात रोलरने खोल चर पाडले असतील तरी तेच. एबीएसची दातेरी रिंग जॉइंटवर असेल तर हातोडी जपून.

किलोमीटरचा आकडा देणार नाही. कोरड्या रस्त्यावर गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत नक्की जाईल. साचलेल्या पाण्यातून किंवा धुळीच्या कच्च्या रस्त्यावर मात्र नेऊ नका. बूट बदलल्यावर ५०० किलोमीटरनंतर रिमच्या आत बॅटरी मारून पट्टीजवळ ओलं ग्रीस दिसतंय का ते पाहा. दिसलं तर लगेच पट्टी पुन्हा करून घ्या.