बाण दाबला की ओळही हलते आणि पानही?

पिंपळगावच्या आडतीतली कांद्याची लिलाव-नोंद तुम्ही वेबवर आणताय. खाली-बाण दाबला की निवडलेली ओळ बदलते आणि सोबत पानही सरकतं. वर येताना ओळ यादीच्या माथ्याला चिकटलेल्या हेडरखाली दडते. असा तुमचा प्रश्न.

पान सरकतं, कारण त्याच कळीवर ब्राउझरचंही काम ठरलेलं आहे. बाण तुमच्या यादीने वापरला तेवढ्यापुरतं प्रिव्हेंटडिफॉल्ट करा, म्हणजे ब्राउझरचं ते काम थांबवा. सरसकट लावलंत तर पेजडाउन, होम, एंड सगळं मरतं आणि टॅब अडला तर माणूस यादीतच कोंडला जातो. ओळ दिसेल इतपतच सरकवायची: ओळ नजरेत आणणाऱ्या स्क्रोलइंटूव्ह्यूला ब्लॉक निअरेस्ट द्या. सेंटर दिलं की प्रत्येक बाणाला अख्खी यादी उडते. स्मूथ, म्हणजे हळूहळू सरकणं, तर नकोच, कळ दाबून धरली की पान मागेच रेंगाळतं. हेडरसाठी आकडेमोड करत बसू नका, सरकणाऱ्या भागाला हेडरच्या उंचीएवढं स्क्रोल-पॅडिंग-टॉप, म्हणजे वरून राखलेली जागा, पुरतं.

टॅबला यादी म्हणजे एकच थांबा हवा. चालू ओळीला टॅबइंडेक्स शून्य (टॅब इथे थांबतो), बाकीच्यांना उणे एक (टॅब ओलांडून जातो).

आता तुम्ही न विचारलेलं, पण जास्त महागात पडणारं. भावाचा रकाना टाइप नंबर असेल तर त्यात खाली-बाण म्हणजे आकडा एकने कमी. ऑपरेटर पुढच्या ओळीवर जायला बाण दाबतो आणि १८५० चे १८४९ होतात, कुणाला पत्ताही लागत नाही. हिशोबपट्टी शेतकऱ्याच्या हातात गेल्यावर मग बोंब. टाइप टेक्स्ट ठेवा, इनपुटमोड डेसिमल, म्हणजे मोबाइलवर आकड्यांचाच कीबोर्ड येतो.

शेतकऱ्याचं नाव मराठीत टाइप होणार, तेव्हा अक्षरांचे शॉर्टकट जपून. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू असताना जे च्या कळीवर इव्हेंटच्या 'key' मध्ये (उमटलेलं अक्षर) 'र' येतो, म्हणून अक्षरांसाठी 'code' (कळीची जागा) तपासा. इंग्रजीत लिहून मराठी उमटवणाऱ्या कीबोर्डवर एंटर शब्द निवडायला लागतो. इझकंपोझिंग खरं असेल, म्हणजे शब्द अजून जुळतोय, तर त्या एंटरला हात लावू नका.

आपल्या नाशकात हे काम करणारी बरीच मंडळी टॅलीवर तयार झालेली, एंटरने पुढच्या रकान्यात जायची सवय. ती द्या, टॅबही चालू ठेवा. फक्त एंटरसाठी 'key' च तपासा. 'code' तपासलात तर नमपॅडचा एंटर वेगळा निघतो, आणि आकडे भरणाऱ्याचा हात नेमका तिथेच असतो.