मशीहा : अवतार की अभिषिक्त राजा?

प्रश्न असा आलाय : मध्ययुगीन ज्यू धर्मविचारावरच्या मजकुराचं मराठी करताना 'मशीहा'ला, म्हणजे ज्यू लोक ज्याच्या येण्याची वाट पाहतात त्याला, 'अवतार' म्हटलं तर चालेल का? विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कल्की आहे, हे उघड आहे.

नाही चालणार. हिब्रू 'माशिआख' म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. राजाच्या, याजकाच्या डोक्यावर तेल ओतत, त्यावरून हा शब्द. बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथात तर तो इराणच्या कोरेश राजालाही लावलाय, आणि कोरेश ज्यू नव्हताच. ग्रीक 'ख्रिस्तोस' हे त्याचंच भाषांतर. आपल्याकडे रुळलेला 'मसीहा' अरबी 'मसीह'वरून फारसी-उर्दूच्या वाटेने आला.

मध्ययुगात सगळे एका सुरात बोलत होते असं नाही. दहाव्या शतकातले ज्यू पंडित सादिया गाओन यांच्या वर्णनात अद्भुताला भरपूर जागा आहे. पण ज्यू तत्त्वज्ञ मोझेस मायमोनिडीस (मृत्यू 1204) यांनी अवताराला दारच बंद केलं. 'मिश्ने तोरा' या आपल्या धर्मनियमांच्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणांत ते बजावतात की मशीहाने चमत्कार करायला हवेत, मेलेले उठवायला हवेत, असं समजू नका. दाखला बार कोखबाचा. रोमनांविरुद्धच्या बंडाचा हा पुढारी. रब्बी (ज्यू धर्मगुरू) अकिवांसारख्या विद्वानाने त्याला मशीहा मानलं, तेव्हा चमत्कार मागितला नव्हता. तो मारला गेला, तेव्हा कळलं की हा तो नव्हे. लांडगा आणि कोकरू एकत्र नांदतील हे यशयाचं भाकीतही मायमोनिडीस यांच्या मते रूपकच. मिश्ना या जुन्या ज्यू धर्मनियमसंग्रहावरच्या भाष्यात तर ते सरळ लिहितात की मशीहा मरेल आणि गादीवर त्याचा मुलगा येईल. अवताराच्या वारसाची सोय कुणी करतं का?

1263 मध्ये बार्सिलोनाला ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यात झालेल्या वादसभेत रब्बी नाखमानिडीस यांनी आरागॉनच्या राजाला त्याच्या तोंडावर सांगितलं की मशीहाही तुमच्यासारखाच हाडामांसाचा राजा.

मशीहाच्या आधी एलिया संदेष्टा येईल, अशी समजूत आहे. कोकणातले बेने इस्राएल ज्यू ज्याच्या नावाने मलिदा करतात, तोच हा एलियाहू हनाबी.

तेव्हा पहिल्यांदा 'मशीहा, म्हणजे दाविदाच्या वंशातला अभिषिक्त राजा' असं लिहा, पुढे नुसतं 'मशीहा' पुरे. 'तारणहार' टाळा, मराठीत त्याला ख्रिस्ती उपासनेचा वास आहे, आणि नाखमानिडीस त्या सभेत भांडत होते ते नेमकं त्याच अर्थाशी.