जुन्या घरातली गंजलेली पाण्याची लाइन: तुकडा बदलावा की सगळीच?

तुम्ही लिहिलंय: बेळगावकडच्या खानापूरजवळ आजोबांच्या वेळचं घर, साठेक वर्षांपूर्वी घातलेली जीआयची (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपची) लाइन, सकाळची पहिली बादली तांबडी येते, न्हाणीच्या भिंतीला ओल धरलीय, आणि प्लंबर म्हणतो गळका तुकडा तेवढा बदलू. तुकडा बदलावा की सगळीच लाइन, हा तुमचा प्रश्न.

तुकडा बदलू नका. आणि सगळी बदलायची म्हणून भिंतीही फोडू नका. नवी लाइन भिंतीच्या बाहेरून न्या. ती पुरी होऊन तपासून होईपर्यंत जुनीला हात लावू नका. मग एका दिवसात पाणी नव्या लाइनवर घ्या आणि जुनी आहे तिथेच भिंतीत राहू द्या.

मी बेळगावात शहापूरला राहतो, उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये २२ वर्षं काम करतोय. आमचं घर मातीच्या आणि चिऱ्यांच्या भिंतींचं, वर कौलं, मागे परडं, परड्यात विहीर. स्वयंपाकघरात मोरीजवळ पाइप गळायला लागला तेव्हा घरात सगळ्यांचं एकच मत होतं की गळतंय तेवढंच दुरुस्त करावं. काका म्हणाले, "पाणी येऊलालंय की, भिंती कशाला फोडूलालास?" म्हणून तीन फुटांचा तुकडा बदलला. तीन आठवड्यांत न्हाणीच्या भिंतीत दोन नव्या जागी पाणी झिरपायला लागलं. प्लंबरने काम नीट केलं होतं. पण जुना जोड सोडवायला त्याला पाइप पान्यावर सगळा जोर टाकावा लागला, आणि तो पीळ भिंतीतून पुढच्या जोडांपर्यंत गेला. ते जोड इतकी वर्षं नुसत्या गंजाने धरून ठेवले होते.

हे असं का होतं ते माझ्या रोजच्या कामातलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अर्ध्या इंची मध्यम दर्जाच्या जीआय पाइपची जाडी २.६ मिलिमीटर असते. डाय, म्हणजे आटे कापायचं हत्यार, फिरवून आटे पाडले की त्यातले सव्वाएक मिलिमीटरच्या आसपास निघून जातात आणि वरचा जस्ताचा थरही तिथे संपतो. म्हणजे प्रत्येक जोडापाशी पाइप जवळजवळ निम्म्या जाडीचा आणि उघडा लोखंडी. पाइप मधे धडधाकट दिसतो आणि आट्यांत खलास झालेला असतो, ते यामुळेच. हलक्या दर्जाच्या पाइपची जाडी तर २ मिलिमीटरच असते. जुन्या काळी कुठला घातला होता, हे आता भिंतीतून कळायचं नाही.

आपल्याकडच्या पाण्याचाही यात हात आहे. खानापूरच्या बाजूला जांभ्यातून झिरपलेलं पाणी साधारणपणे मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. असं पाणी पाइपच्या आतून चुन्याचा थर धरत नाही, उलट जस्त हळूहळू खातं. अथणी-गोकाकच्या काळ्या मातीतलं पाणी जड, तिथे पाइप चुन्याने बुजतो, आपल्याकडे गंजाने. त्यात नळाला पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतं. पाणी गेलं की पाइप रिकामा होतो, आत हवा शिरते, आणि ओल्या लोखंडाला हवा मिळाली की गंज भराभर वाढतो. सकाळची तुमची तांबडी बादली म्हणजे रात्रभर तयार झालेला हा गंजच. अजून एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. रिकाम्या होणाऱ्या पाइपला जिथे भोक असेल तिथून तो बाहेरची घाण आत ओढतो. गळका पाइप मोरीच्या किंवा गटाराच्या शेजारून जात असेल तर ते पाणी घरातल्या लहान मुलांच्या पोटात जातं. माझं मन दुरुस्ती सोडून नव्या लाइनकडे वळलं ते या एका कारणाने.

दाब कमी येतो असंही तुम्ही लिहिलंय. गंजाने आतला व्यास निम्मा झाला तर पाणी निम्मं येत नाही, त्याच दाबाला साधारण सहावा हिस्साच उरतो. त्यासाठी मोटर बसवू नका. सार्वजनिक नळाला थेट मोटर लावायला परवानगी नसते, आणि ती शेजाऱ्याचं पाणी ओढते ते वेगळंच.

आता भिंतीबद्दल. चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतीत खाच मारणं म्हणजे साठ वर्षं बसलेली भिंत हलवणं. चिरा छिन्नीने सरळ कापला जात नाही, ढपले निघतात. मातीची भिंत तर सिमेंटने भरून काढली तरी दोन पावसाळ्यांत त्या पट्ट्याला भेग पडते. घरात बाहेरून पाइप बरा दिसत नाही, असं आमची आईसुद्धा म्हणाली होती. आम्ही लाइन परड्याच्या बाजूने वळचणीखालून नेली आणि जिथे नळ हवा तिथेच भिंतीला आरपार भोक पाडून आत घेतली. आता काही गळलं तर पाच मिनिटांत दिसतं. भिंतीत पुरलेली गळती आमच्याकडे दिसायला दोन वर्षं लागली होती.

पाइप कुठला घ्यावा? घरासाठी मी सीपीव्हीसी घेतला, फिकट पिवळसर रंगाचा प्लॅस्टिकचा पाइप, गरम आणि थंड दोन्ही पाण्याला चालतो. पीपीआर हा दुसरा प्लॅस्टिकचा पाइपही चांगला असतो, पण त्याचे जोड तापवून चिकटवायचं मशीन आणि तो हात असलेला माणूस तालुक्याच्या गावी वेळेवर मिळेलच असं नाही. जे दुरुस्त करायला माणूस जवळ मिळतो तेच घ्या.

इथे एक फसगत हमखास होते. जुना पाइप अर्धा इंची होता म्हणून लोक सीपीव्हीसीही अर्धा इंची घेतात. जीआय अर्ध्या इंचीचा आतला व्यास सुमारे १६ मिलिमीटर, सीपीव्हीसी अर्ध्या इंचीचा सुमारे १२. नाव तेच, आतली वाट बरीच अरुंद. म्हणून टाकीपासूनची मुख्य लाइन सव्वा इंची किंवा किमान एक इंची ठेवा, न्हाणी आणि स्वयंपाकघराच्या फांद्या पाऊण इंची, आणि अर्धा इंची फक्त शेवटच्या दोन-तीन फुटांना, नळापुरता. प्रत्येक फांदीला सुरुवातीलाच एक बॉल व्हॉल्व्ह लावा. एक नळ बिघडला म्हणून सगळ्या घराचं पाणी बंद करावं लागू नये.

आमचं काम करणारा मिस्त्री गोकाककडचा, कन्नड बोलणारा. माझ्या आईला तो "अव्वा" म्हणायचा, ती त्याच्याशी मोडक्या कन्नडात आणि तो तिच्याशी मोडक्या मराठीत बोलायचा. पण एल्बो, टी, सॉकेट, युनियन हे शब्द दोघांचे सारखेच, त्यामुळे काम कुठे अडलं नाही. त्याने दोन गोष्टी कधी करू दिल्या नाहीत, त्या तुम्हीही करू देऊ नका. एक, सीपीव्हीसीच्या आट्यांना सफेदा (तेलात कालवलेली पांढरी लुकण) आणि सुतळी लावायची नाही. तेलाच्या वस्तूंनी हा पाइप ठिसूळ होऊ शकतो. फक्त टेफ्लॉन टेप, तीही आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने गुंडाळायची. दोन, धातूचा नळ प्लॅस्टिकच्या आट्यात कधी आवळायचा नाही. जिथे धातू येतो तिथे पितळी आटे बसवलेलं फिटिंग घ्यायचं. महाग असतं, पण तडा जातो तो नेमका तिथेच.

गरम पाण्याची लाइन उन्हातल्या तारेसारखी वाढते. १० मीटर लांबीचा सीपीव्हीसी ४० अंशांनी तापला तर अडीच सेंटीमीटर लांब होतो. म्हणून क्लॅम्प घट्ट आवळायचे नाहीत, पाइप आत सरकला पाहिजे, आणि लांब सरळ पट्ट्यात एखादं वळण ठेवायचं. तुमच्याकडे अजून हंडा तापवत असाल तर हा प्रश्न येत नाही. सोलर बसवणार असाल तर त्याच्या तोंडाशी पहिला तुकडा धातूचा ठेवा आणि हवा जायचा उभा पाइप काढू देऊ नका. उन्हात येणाऱ्या पाइपला पाण्यात कालवायचा पांढरा रंग द्या, ऑइल पेंट नको. कौलांवर माकडं येत असतील, खानापूरकडे येतातच, तर पाइप वळचणीच्या आत लाकडाला धरून न्या. लोंबता पाइप त्यांच्या हाती लागला की गेला.

टाकीबद्दल घरातल्या सगळ्यांना बसवून नीट सांगा. १,००० लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन एक टन. ती माळ्याच्या तुळईवर किंवा मातीच्या भिंतीवर ठेवायची नाही, जुनं सागवान कितीही भक्कम दिसलं तरी. परड्यात वेगळा स्टँड उभा करा. उंची पुरेशी घ्या, कारण दर १० मीटर उंचीला एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब मिळतो. टाकीचा तळ शॉवरपेक्षा दोनच मीटर वर असेल तर दाब फक्त ०.२ किलो. तेवढ्यात बादली भरेल, शॉवर नाही.

विहीर बुजवू नका. बेळगावात विहिरींनीच माणसं जगवलीत. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदली होती, आणि अजूनही लोक ती दाखवतात. पण विहिरीच्या पंपाची लाइन आणि सार्वजनिक नळाची लाइन एकमेकींना कुठेही जोडू नका, मधे व्हॉल्व्ह असला तरी नाही. व्हॉल्व्ह चुकून उघडा राहतो आणि विहिरीचं पाणी सगळ्या गल्लीच्या लाइनमध्ये जातं. दोन्ही पाइप टाकीत वरून सोडा, पाण्याच्या पातळीपेक्षा वर, मधे हवा राहील असे. आणि स्वयंपाकघरात प्यायच्या पाण्यासाठी एक नळ टाकीच्या आधी, थेट सार्वजनिक लाइनवरून घ्या.

काम दिवाळीनंतर सुरू करा. पावसाळ्यात चिऱ्याच्या भिंती तशाही ओल धरतात, त्यात गळती कुठली आणि पावसाची ओल कुठली ते कळत नाही. जोड चिकटवल्यावर सोल्यूशनच्या डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. आम्ही एक रात्र पूर्ण जाऊ दिली. मग सगळ्या नळांच्या जागी प्लग लावून दाब तपासायच्या हातपंपाने रोजच्या दाबाच्या दीडपट दाब भरून घ्या आणि दाबमापकाचा काटा तासभर जागचा हलत नाही ना ते स्वतः उभं राहून बघा. मिस्त्रीने "झालं" म्हटलं म्हणून सोडू नका. आमच्याकडे काटा हळूहळू उतरत होता. न्हाणीमागच्या एका टीमध्ये सोल्यूशन एका बाजूलाच लागलं होतं. ते तेव्हा सापडलं म्हणून बरं.

टाकी आणि लाइन वापरायला घेण्याआधी १,००० लिटरला साधारण १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर विरघळवून सगळ्या नळांतून वास येईपर्यंत सोडा, रात्रभर ठेवा, मग ओतून द्या. परड्यातल्या झाडांना किंवा विहिरीकडे ते पाणी जाऊ देऊ नका. वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा.

शेवटी जुनी लाइन. मीटरच्या पुढे, घराच्या बाजूला, ती कापून दोन्ही तोंडांना टोप्या बसवा, आतलं पाणी खालच्या नळातून काढून टाका. मीटरच्या रस्त्याकडच्या बाजूचं काम मात्र पाणीपुरवठ्याच्या परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्या. ओल लगेच जाणार नाही. आमची न्हाणीची भिंत कोरडी व्हायला एक अख्खा उन्हाळा लागला.

टाकीची जागा ठरली की तिथून न्हाणी, स्वयंपाकघर आणि संडासपर्यंतची अंतरं आणि टाकीच्या तळाची उंची मोजून खाली लिहा. कुठे किती इंची पाइप लागेल ते मी काढून देतो.