फिजिकल वेज आणि डायनॅमिक वेज: तुलना करताना काय बघायचं

रेडिएशन मशीनवर पहिल्यांदा वेजचा, म्हणजे बीमचा डोज एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी करणाऱ्या साधनाचा डेटा घेणार आहेस ना, तर एक आधीच सांगतो, नुसते आयसोडोज (सारख्या डोजच्या रेषा) एकावर एक ठेवून "दोन्ही ४५ डिग्री, म्हणजे सेम" असं समजू नकोस. फिजिकल वेज म्हणजे बीमच्या वाटेत धातूचा जाड तुकडा, ६ एमव्हीच्या एक्स-रे बीमला त्यातून कमी एनर्जीचे फोटॉन जास्त गाळले जातात, बीम हार्ड होतो (सरासरी एनर्जी वाढते), म्हणून डेप्थ डोज (खोलीनुसार मिळणारा डोज) ओपन, म्हणजे वेज नसलेल्या फील्डपेक्षा थोडा वर येतो आणि वेज फॅक्टर (वेज असताना आणि नसताना मिळणाऱ्या डोजचं गुणोत्तर) खोलीप्रमाणे बदलतो, त्यामुळे तो एकाच डेप्थला मोजून मोकळं व्हायचं नाही. एनहान्स्ड डायनॅमिक वेजमध्ये बीम चालू असताना जॉ (फील्डची कड ठरवणारा जाड धातूचा ठोकळा) सरकतो, बीमच्या वाटेत वेजचा धातू नाही, म्हणून डेप्थ डोज जवळजवळ ओपन फील्डसारखाच. पण तिथे वेज फॅक्टर फील्ड साइजवर खूप अवलंबून असतो, तोही मुख्यतः वाय जॉवर (वेजच्या दिशेने सरकणाऱ्या), एक्स बदलून फार फरक पडत नाही. असिमेट्रिक (मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखे नसलेले) फील्ड वेगळे मोजच.

आणि वॉटर फँटममध्ये (मोजणीच्या पाण्याच्या टाकीत) डोज मोजणारा एकच चेंबर फिरवून डायनॅमिकचा प्रोफाइल (आडव्या रेषेवरचा डोज) मिळत नाही रे, कारण डोज वेळेनुसार साठत जातो, अॅरे (एकाच वेळी मोजणारे अनेक डिटेक्टर) किंवा फिल्म वापर. फिजिकलला कोलिमेटर (बीमला आकार देणारं मशीनचं डोकं) १८० डिग्री फिरवून दोन्ही रीडिंगची सरासरी घे, चेंबर किंचित सरकलेला असला तरी फरक निघून जातो.

सगळ्यात महत्त्वाचं, फील्डबाहेरचा डोज जरूर बघ. फिजिकल वेजमधून स्कॅटर जास्त येतो, ब्रेस्ट टँजेंट्समध्ये (ब्रेस्टला बाजूने तिरके दिलेले बीम) तो दुसऱ्या ब्रेस्टला लागतो, आणि पेशंट तरुण असेल तर मी तिथे डायनॅमिकच निवडतो.