आम्ल न वापरता नुसत्या गरम पाण्याने लाकडाची साखर होते का?

होते. फक्त ते पाणी उकळतं नको, दाबाखाली २०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा वर नेऊनही द्रवच राहिलेलं हवं.

या तापमानाला पाणी बरंच बदलतं. २५०-३०० अंशांच्या आसपास त्यातले हायड्रोजन आयन (आम्लाचं आम्लपण यांच्यामुळेच) साध्या पाण्याच्या जवळपास ३० पट होतात. शिवाय लाकडातले ॲसिटिल गट सुटून ॲसिटिक आम्ल बनतं. म्हणजे आम्ल बाहेरून घालत नाही एवढंच, आत ते असतंच!

लाकडात साखरेच्या साखळ्यांचे दोन पदार्थ असतात, हेमिसेल्युलोज आणि सेल्युलोज. त्यांपैकी हेमिसेल्युलोज लवकर शरण येतं, साधारण १८० ते २२० अंशांना. सेल्युलोजच्या साखळ्या मात्र स्फटिकासारख्या घट्ट रचलेल्या, त्यांना याहून जास्त उष्णता लागते. लाकडाला बांधून ठेवणारं लिग्निन साखरेचं बनलेलंच नसतं, त्यामुळे त्याची साखर होतच नाही.

खरी डोकेदुखी पुढे आहे. ज्या उष्णतेने साखर सुटते तीच तिला मोडते. झायलोजचं (हेमिसेल्युलोजमधली साखर) फरफ्युराल होतं, ग्लुकोजचं (सेल्युलोजमधली साखर) हायड्रॉक्सिमिथिलफरफ्युराल, आणि ही दोन्ही पुढे साखर आंबवून अल्कोहोल करणाऱ्या यीस्टची वाढ रोखतात. म्हणून ३७४ अंशांच्या, म्हणजे पाण्याच्या क्रांतिक बिंदूच्या (जिथे द्रव आणि वाफ यांतला फरकच मिटतो), आसपास काम करायचं तर सेल्युलोजला सेकंदभरही न ठेवता मिश्रण झटकन थंड करावं लागतं. लाकडाच्या भुश्शाचा लगदा एवढ्या दाबात अखंड ढकलत राहणं हे पंपाच्या दृष्टीने वेगळंच दुखणं.

त्यात बरीचशी साखर आखूड साखळ्यांच्या रूपात बाहेर पडते. यीस्टला ती तशीच खाता येत नाही. झायलोज तर साधं यीस्ट आंबवतच नाही.

माझ्या मते गरम पाण्याने लाकूड फक्त मोकळं करावं आणि सेल्युलोज एन्झाइमांवर सोपवावं. वेळ जास्त लागतो, पण साखर जळत नाही.