पथकाचे प्रश्न : बंधारा का फुटतो?

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्याकडे सेवा उपक्रमांच्या पत्रांचा ढीग लागतो. या वेळी बंधाऱ्यांबद्दलची पत्रे सर्वांत जास्त आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : आमच्या पथकाने ओढ्यावर वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या पोत्यांचा तात्पुरता बंधारा घातला. दोन दिवस पाणी छान साठले. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पाणी गेलेले, पोती मात्र जागच्या जागी. चुकले कुठे? (स्काऊट मास्तर, माध्यमिक शाळा)

उत्तर : पोती जागेवर आणि पाणी गायब, म्हणजे भिंत ठीक होती, बैठक कच्ची होती. ओढ्याच्या तळाला वाळू, गोटे, कुजका पाला असतो. त्यावरच पोती मांडली की पाणी खालच्या वाळूतून वाट काढते. पहिल्या दिवशी गळती जाणवत नाही, कारण पाणी अजून चढलेले नसते. ते चढले की दाब वाढतो, वाळूचे बारीक कण निसटायला लागतात आणि बोटाएवढ्या वाटेची एका रात्रीत मोरी होते.

जागा ठरवताना पहार मारून बघा. फूटभर खोल गेली तरी मुरूम किंवा खडक लागत नसेल तर ती जागा सोडा, कितीही सोयीची असली तरी. लागत असेल तर वाळू-गाळ काढून तळ टणक लागेपर्यंत साफ करा. मग ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत अर्धा मीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल चर काढा. त्यात ओली चिकणमाती भरायची, एकदम नाही, १०-१० सेंटीमीटरच्या थरांनी, आणि प्रत्येक थर अनवाणी तुडवायचा. हे काम मुलांना सर्वांत आवडते आणि बंधाऱ्याचा जीवही यातच आहे. तळ मुरमाऐवजी खडकाचा असेल तर चर निघणार नाही. तिथे खडक घासून स्वच्छ करून त्यावर चिकणमातीचा जाड थर दाबून बसवा.

काम चालू असताना वाहत्या पाण्याचे काय करायचे, हा पुढचा पेच. सर्वांत खालच्या थरात एक जुना पीव्हीसी पाइप आडवा ठेवा आणि पाणी त्यातून जाऊ द्या. भिंत पूर्ण झाली की वरच्या अंगाने, म्हणजे जिकडून पाणी येते तिकडून, चिकणमातीचा गोळा आणि एक पोते दाबून पाइपचे तोंड बंद करा. खालच्या अंगाने बंद केले तर पाणी पाइपभोवतीच्या फटीत शिरते.

आता पोत्यांचा हिशेब. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात दोन घमेली, म्हणजे साधारण १८ लिटर माती-मुरूम भरला की वजन पंचवीस किलोच्या आसपास होते. दोन मुलांनी मिळून उचलायला एवढेच ठीक. पोते तट्ट भरू नका. वजनाचा प्रश्न आहेच, शिवाय तट्ट भरलेले पोते गोल राहते आणि शेजारच्या पोत्याला चिकटून बसत नाही. अर्धवट भरून तोंड दुमडून खाली दाबले आणि वरून थोपटले की ते अंदाजे ५० बाय ३५ सेंटीमीटर आणि १० सेंटीमीटर जाडीचे होते. पाच मीटर रुंद ओढ्यात पोती प्रवाहाच्या दिशेने लांब ठेवली तर एका रांगेत चौदा लागतात. ८० सेंटीमीटर उंचीचे आठ थर धरा : खालच्या तीन थरांत तीन-तीन रांगा, मधल्या तिनांत दोन-दोन, वरच्या दोनांत एकेक. सतरा रांगा झाल्या, म्हणजे २३८ पोती. ओढा तळाला अरुंद असतो, त्यामुळे काही उरतील. पण २४० हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नये. बत्तीस मुलांच्या पथकात सोळा जोड्या होतात, प्रत्येक जोडीच्या वाट्याला पंधरा पोती. दोन सकाळी पुरतात. एकाच दिवसात उरकायचा हट्ट धरला की शेवटचे दोन थर घाईत लागतात आणि तेच आधी घसरतात.

विटांच्या बांधकामात जसा खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट येते, तशीच पोती लावायची. थरांच्या मध्ये ओल्या चिकणमातीचा हात फिरवायचा. दोन्ही टोके काठात अर्धा मीटर आत घुसवायची. काठाला नुसती टेकवली तर पुढच्या वेळी पाणी बाजूने जाईल आणि काठही कापेल. मधल्या दीड मीटरमध्ये सर्वांत वरचा थर लावूच नका. जास्तीचे पाणी तिथूनच सांडायला हवे, आणि ते जिथे पडते तिथे मोठे दगड पसरून ठेवा.

पोती वापरण्याआधी मोकळ्या जागी, वाऱ्याकडे पाठ करून झटकायची, तोंडाला रुमाल बांधून. आत राहिलेले सिमेंट ओल्या हाताला लागले की कातडी भाजते, आणि ते संध्याकाळी घरी गेल्यावर कळते. डोळ्यात गेले तर भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहायचे आणि दवाखाना गाठायचा.

ओढ्याच्या तळाचा उतार शंभर मीटरला एक मीटर असेल, तर सत्तर सेंटीमीटर पाण्याची फुगी सुमारे सत्तर मीटर मागे जाते. सरासरी रुंदी चार मीटर आणि सरासरी खोली ३५ सेंटीमीटर धरली तर साठा जवळपास एक लाख लिटर होतो. हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्या. लाठीवर सेंटीमीटरच्या खुणा असतातच. दर रविवारी एका संघाने, म्हणजे पथकातल्या एका लहान गटाने, पाण्याची आणि शेजारच्या विहिरीची पातळी मोजून वहीत लिहावी.

काम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीची लेखी संमती घ्या आणि दोन्ही काठांच्या शेतकऱ्यांशी बोला. आणि एक गोष्ट बहुतेक पथके विसरतात : मे महिन्यात पोती काढून घ्यायची. उन्हाने प्लॅस्टिक विरलेले असते. पहिल्या पुरात त्याच्या चिंध्या खालच्या सगळ्या शेतांत जातात आणि पुढच्या वर्षी तेच शेतकरी तुम्हाला बांधावर उभे करत नाहीत.

प्रश्न : खरी कमाईचे कार्ड घेऊन मुलगा येतो, वीस रुपये मागतो, आम्ही देतो. कार्डावर ‘घरकामात मदत’ असे लिहिले जाते. यातून काय साधते? (पालक)

उत्तर : काहीच नाही, आणि हे तुम्ही विचारले ते बरे झाले. या उपक्रमाचे मूळ ब्रिटनमधल्या स्काऊटांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या ‘बॉब-अ-जॉब’ आठवड्यात आहे : काम करायचे आणि त्याचा मोबदला घ्यायचा. आपल्याकडे त्याचे नाव ‘खरी कमाई’ झाले, आणि नावातला पहिला शब्दच हल्ली गळतो.

घरातल्या रोजच्या कामाचे पैसे देऊ नका. ताट उचलणे ही कमाई नाही. एरवी तुम्ही बाहेरून पैसे देऊन करून घेतले असते असे काम द्या : सायकल धुऊन साखळीला तेल घालणे, पुस्तकांना कव्हरे घालणे, रद्दीचे गठ्ठे बांधून वजन करणे, कुंड्यांची माती बदलणे. स्टुलावर चढायची कामे, पंखे पुसणे, विजेचे काही, हे नको. शेजारी पाठवायचे तर जोडीने, ओळखीच्याच घरी आणि उजेडात. कार्डावर तारीख, काम, लागलेला वेळ, रक्कम आणि काम देणाऱ्याची सही असे पाच रकाने हवेत. काम नीट झाले नाही तर पैसे कमी द्या. मुलाला राग येईल, येऊ द्या.

शाळेत खाद्यपदार्थांचे स्टॉल लावतात तिथे आणखी एक घोळ असतो. भेळेची विक्री ६४० रुपये झाली म्हणून टाळ्या पडतात. चुरमुरे, शेव, चिंचेची चटणी मिळून ४१० रुपये आईच्या पर्समधून गेलेले असतात. कमाई २३० रुपयांची आहे. तेवढीच लिहायची आणि ४१० आईला परत करायचे. पैसे मोजताना नेहमी दोघे जण हवेत आणि जमा झाल्याची पावती हवी.

प्रश्न : मी संघनायिका आहे. प्रथमोपचाराच्या सरावात स्कार्फची झोळी मैत्रिणीच्या हाताला बसते, पण आमच्या बाईंच्या हाताला पुरतच नाही. बांधण्यात चूक होते का? (इयत्ता नववी)

उत्तर : चूक तुझी नाही, कापडाची आहे. गणवेशाच्या स्कार्फच्या दोन बाजू ७० ते ८० सेंटीमीटरच्या असतात, त्यामुळे तिसरी, लांब बाजू जेमतेम १०० ते ११३ सेंटीमीटर भरते. मोठ्या माणसाच्या मानेमागून येऊन गाठ मारायला ती अपुरी पडते. एक मीटर चौरस सुती कापड कर्णावर काप. दोन त्रिकोणी पट्ट्या मिळतील आणि प्रत्येकीची लांब बाजू १४१ सेंटीमीटर येईल. संघाच्या पेटीत अशा चार ठेव.

बांधताना कापड छाती आणि दुखऱ्या हाताच्या मधून घाल. त्रिकोणाचे टोक दुखऱ्या हाताच्या कोपराकडे, वरचे शेव चांगल्या खांद्यावरून मानेमागे. खालचे शेव हातावरून वर आण आणि गाठ दुखऱ्या बाजूच्या गळपट्टीच्या हाडावरच्या खळगीत मार, मणक्यावर नको. कोपराकडचे टोक पिळून आत खोच किंवा पिन लाव. पंजा कोपरापेक्षा किंचित वर हवा. गाठ रीफ नॉटच : आधी उजवे शेव डाव्यावरून, मग डावे उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवेच वर घेतलेस तर गाठ वेडीवाकडी बसते आणि ओढ पडली की सरकते. दर दहा मिनिटांनी नखे बघ. निळसर दिसली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर झोळी सैल कर. आणि हात सरळ करून बघण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नकोस.

प्रश्न : गावच्या यात्रेत आमच्या गाईड मुलींना सेवेसाठी बोलावले आहे. त्यांना नेमके कोणते काम द्यावे? (गाईड कॅप्टन)

उत्तर : गर्दी आवरण्याचे आणि वाहतुकीचे काम साफ नाकारा, ते पोलिसांचे आहे. दोरी धरून उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या अंगावर रेटा आला तर ती काय करणार? पाण्याचा स्टॉल, प्रथमोपचाराच्या तंबूत मदत आणि हरवले-सापडले केंद्र ही तीन कामे घ्या. आठ मुली, दोन तासांची पाळी, प्रत्येक ठिकाणी एक मोठी बाई.

टाकीतल्या पाण्यात क्लोरीन किती घालायचे ते आरोग्य कर्मचाऱ्यांनी ठरवावे, पण घातल्यावर अर्धा तास थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते दाखवणारी चाचणी, करून घ्यायचा आग्रह तुम्ही धरा. नमुना पिवळा झाला तरच तोटी उघडायची. पेल्याने पिंपात हात घालून पाणी काढायचे नाही. लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटी.

ओआरएसमध्ये चूक हमखास एकाच ठिकाणी होते. पाकिटे एक लिटरची असतात, तशी २०० मिलिलिटरचीही असतात. लिटरचे पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून दिले तर मीठ पाचपट होते आणि ते धोक्याचे आहे. म्हणून पाकिटावरचे माप एका मुलीने मोठ्याने वाचायचे, दुसरीने पाणी मोजायचे. तयार केलेले चोवीस तासांनी ओतून द्यायचे. ऊन लागलेला माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. सावलीत घ्या, अंग ओले करा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

हरवलेल्या मुलाचे नाव, कपड्यांचा रंग असे सगळे वर्णन लाउडस्पीकरवरून सांगू नये. ते ऐकून कुणीही ‘माझाच आहे’ म्हणून येऊ शकतो. ‘एक मूल केंद्रात आहे’ एवढेच सांगायचे. वर्णन आलेल्या माणसाने करायचे, आणि ताबा पोलिसांसमोरच द्यायचा. यात्रेच्या सुरुवातीलाच लहान मुलांच्या मनगटावर बॉलपेनने पालकांचा मोबाइल नंबर लिहायला दोन मुली बसवल्या तर हे केंद्र अर्धे रिकामे राहते.

प्रश्न : दर जुलैमध्ये आम्ही शंभर रोपे लावतो. पुढच्या जुलैमध्ये बहुतेक खड्डे रिकामे असतात. (स्काऊट मास्तर)

उत्तर : शंभर रोपांना फेब्रुवारी ते मे आठवड्याला दहा लिटर पाणी द्यायचे म्हणजे दर आठवड्याला हजार लिटर, पंधरा लिटरच्या ६७ बादल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे कोण करणार त्यांची नावे लिहून काढा आणि तेवढीच रोपे लावा. एका संघाला आठ पुष्कळ झाली. खड्डे मे महिन्यातच काढून तापू द्या, ४५ सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण, लावले त्याच दिवशी. शेळी दुसऱ्या दिवशीची वाट बघत नाही.

प्रश्न : मुलांच्या सेवेच्या नोंदी तपासताना सगळ्यांच्या वह्या सारख्याच दिसतात. खरे काम कोणी केले हे कसे ओळखावे? (स्काऊट मास्तर)

उत्तर : ‘परिसर स्वच्छता केली, २ तास’ ही नोंद स्वीकारूच नका. काय, कुठे, किती आणि काय राहिले, ही चार उत्तरे मागा. ‘बसथांब्यामागची गटार, १२ मीटर, सात घमेली गाळ, झाकणाखालचा दगड निघाला नाही’ असे लिहिणारा मुलगा तिथे होता. न निघालेल्या दगडाबद्दल दुसऱ्या मुलाला वेगळे बोलावून विचारा. तो तिथे असेल तर तो दगड केवढा होता हे हातानेच दाखवेल.