वाचकांचे प्रश्न : आतलं बीडलॉक बसवताना अडतं कुठं?

प्रश्न : काका, माझ्याकडे जुनी थार आहे, टायर २३५/७० आर १६. पावसाळ्यात भुदरगडाच्या बाजूच्या लाल चिखलात हवा १० पौंडांपर्यंत उतरवून चालवतो. गेल्या पावसात वळताना पुढच्या टायरची कड रिमवरून सुटली. म्हणून टायरची कड रिमला दाबून धरणारे, टायरच्या आत बसणारे, हवा भरायचे बीडलॉक मागवले. कोल्हापुरात दोघा टायरवाल्यांनी हात लावायला नकार दिला. तिसऱ्यानं मशीनवर बसवलं, तर आतली ट्यूबच फाटली. हे एवढं अवघड का आहे? घरी जमेल का?
— एक वाचक, गारगोटी

उत्तर : नकार देणाऱ्या दोघांवर रागावू नका. काम येत नसेल तर हात न लावणं हाच प्रामाणिकपणा. तिसऱ्याचं कुठं चुकलं ते मात्र नीट समजून घ्या, कारण सगळी अडचण तिथंच आहे.

टायरच्या कडेत, म्हणजे बीडमध्ये, पोलादी तारा असतात. ती कड ताणत नाही. तरीही ती तिच्यापेक्षा मोठ्या रिमवर चढते, कारण रिमच्या मधोमध एक खोलगट नाळ असते. एका बाजूची कड त्या नाळेत उतरवली की समोरच्या बाजूला तेवढी ढिलाई मिळते. बांगडी भरताना कासार हात दाबून लहान करतो, तसं हे. आता आतलं बीडलॉक बसतं कुठं? नेमकं त्याच नाळेत. टायरच्या दोन्ही कडांच्या मध्ये ते पट्ट्यासारखं गोल फिरतं, आत ट्यूब, वरून जाड कापडी वेष्टण. म्हणजे ज्या जागेच्या जोरावर टायर चढतो, ती जागाच आधी भरलेली. मशीनच्या हाताला हे कळत नाही. तो कड ओढतच राहतो, आणि मध्ये सापडते ती ट्यूब.

म्हणून माझा पहिला सल्ला : चकचकीत ट्यूबलेस दुकानात जाऊ नका. ज्यानं उसाच्या ट्रॉलीचे ट्यूबवाले टायर हातानं चढवलेत, असा माणूस शोधा. आपल्याकडं ती माणसं अजून आहेत. कारखान्यांच्या वाटेवर, शिरोळ-हातकणंगल्याकडं, हंगामात त्यांचा हात रिकामा नसतो, पण पावसाळ्याआधी वेळ देतात. ट्यूब चिमटू न देता टॉमी, म्हणजे टायर चढवायची लोखंडी पट्टी, कशी लावायची हे त्यांच्या बोटांना ठाऊक असतं. बीडलॉक त्यांनी पाहिलेलं नसलं तरी चालेल. पाच मिनिटांत समजावून सांगता येतं.

आता भोकाबद्दल, कारण निम्म्या ट्यूबा तिथं जातात. बीडलॉकला स्वतःचा वेगळा वाल (हवा भरायची नळी) लागतो, म्हणजे रिमला दुसरं भोक. ते मूळ वालच्या बरोबर समोर घ्या, म्हणजे वजनाचा तोल फार बिघडत नाही. माप कुणाच्या तोंडचं घेऊ नका. किटमधल्या वालच्या दांड्याचं माप कॅलिपरनं घ्या आणि तेवढंच भोक पाडा. पाडायच्या आधी चाक गाडीवर चढवून हातानं फिरवून बघा, तिथं वाल आला तर ब्रेकच्या कॅलिपरला घासणार नाही ना. रिम अलॉयची असेल तर आऱ्याच्या मुळाशी ड्रिल लावू नका. थारची लोखंडी रिम असेल तर काम सोपं आहे.

भोक पडलं की आतल्या बाजूला बोट फिरवा, जपून. ड्रिलनं उचललेली धारदार कोर लागेल. ती गोल कानशीनं काढा, मग पॉलिश पेपर मारा, आणि शेवटी कापसाचा बोळा भोकाच्या कडेवरून ओढून बघा. एक जरी तंतू अडकला तर पुन्हा कानस. फाटलेली ट्यूब बाहेर काढलीत तर बघा, चीर वालच्या बुडाशी लागून, नखानं ओरखडल्यासारखी सरळ असेल तर दोष भोकाचा आहे. चीर लांब कुठंतरी असेल, आणि शेजारी-शेजारी दोन असतील, तर ती टॉमीनं चिमटली आहे. पुढचा सेट फाटू नये म्हणून हे एवढं बघाच.

बसवताना माझी रीत अशी. टायर आतून पुसून कोरडा करायचा, खडा-माती काही राहू द्यायची नाही. आतून आणि बीडलॉकवर फ्रेंच चॉक, म्हणजे ट्यूबला लावायची पांढरी पावडर, पसरायची. टायरची एक कड रिमवर चढवली की बीडलॉक आत सोडायचं, अगदी रिकामं, सगळी हवा चोखून काढलेलं. आधी वाल भोकातून बाहेर ओढायचा, नट दोन-चार आटे धरवायचा, घट्ट नाही. मग वालपासून दोन्ही बाजूंना ते हातानं सरकवत न्यायचं, कुठं पीळ पडू द्यायचा नाही. किटमध्ये टायरची हवा जाण्यासाठी जी खाच किंवा नळी असते, ती टायरच्या मूळ वालच्या तोंडाशीच आली पाहिजे. नाहीतर बीडलॉक फुगलं की तो वाल झाकला जातो, मग हवा ना जाते ना येते.

दुसरी कड चढवायला बीडलॉकच्या वालच्या समोरून सुरुवात करा आणि शेवट वालपाशी करा. समोर एका माणसाला गुडघ्यानं टायर दाबायला बसवा. त्यानं एका हातानं बीडलॉक टायरच्या पोटात वर ढकलून धरायचं, म्हणजे नाळ मोकळी होते आणि कड तिच्यात उतरते. साबणाचं पाणी भरपूर. टॉमीची टोकं गोल घासलेली हवीत आणि घास छोटा घ्यायचा, दोन बोटांएवढा. जोर लावावासा वाटला की थांबा. जोर लागतोय याचा अर्थ समोरची कड नाळेतून बाहेर आली आहे.

आधी टायरमध्ये हवा भरून दोन्ही कडा जागेवर बसवा. टक्कन आवाज दोनदा यायला हवा, पण त्यासाठी ४० पौंडांच्या वर जाऊ नका. मग बीडलॉक थोडं भरा, सोडा, पुन्हा भरा, म्हणजे आतल्या सुरकुत्या निघतात. शेवटी किटवर लिहिलेला दाब द्या. साधारण ४५ ते ५० पौंड असतो. वालचा नट शेवटी आवळा.

दाबाचं गणित लक्षात ठेवा. टायरमध्ये ३० पौंड असताना ५० पौंडांचं बीडलॉक कडेवर फक्त २० पौंडांच्या फरकानं दाबतं. चिखलात टायर ८ वर आणलात की फरक ४० च्या पुढं जातो, म्हणजे हवं तेव्हाच पकड वाढते. बीडलॉकमधली हवा कमी पडली तर रिम आत फिरते, टायर मागं राहतो, आणि बीडलॉकचा वाल तुटतो. म्हणून रानात शिरायच्या आधी तो दाब बघायचाच.

घरी जमेल का? जोडीला जाणता माणूस असेल तर जमेल. एकट्यानं नको.

प्रश्न : एवढं करण्यापेक्षा कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन तुकड्यांची, बोल्टनं जोडायची रिम करून घेतली तर? मित्र म्हणतो, आत पीव्हीसी पाईप कापून टाकला की झालं.
— एक वाचक, कागल

उत्तर : उद्यमनगरच्या कारागिरांबद्दल मला फार आदर आहे, तरीही नको. दोन तुकड्यांची रिम आणि आत कडा रेटून धरणारं कडं ही पद्धत लष्करी गाड्यांची, अमेरिकेच्या हमव्हीला तशीच चाकं असतात. तिथं टायर चढवायला नाळ लागतच नाही, म्हणून आत पाईपसुद्धा जातो. तुमच्या एकसंध रिममध्ये तो घालताच येणार नाही. आणि घरगुती रिमच्या बोल्टवर हवेचा किती भार येतो हे कुणी तपासलेलं नसतं. हवा असताना एकानं चुकून बोल्ट सैल केला, तर रिमचा तुकडा माणसाच्या अंगावर येतो. बाहेरून रिंग आवळायचं बीडलॉक तयार मिळतं. ते बसवायला सोपं आहे, पण बहुतेक फक्त बाहेरची कड धरतं, आणि बोल्ट पुन्हा पुन्हा तपासावे लागतात.

प्रश्न : आतलं बीडलॉक आहे, वाटेत पंक्चर झालं तर?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : बीडलॉकच्या वालला लाल टोपी लावा आणि पंक्चरवाल्याला आधी ती दाखवा. नाहीतर तो पहिला दिसेल तो वाल सोडतो. नक्षीत खिळा असेल तर बाहेरून दोरी भरता येते, पण सुई पूर्ण खुपसू देऊ नका, आत ट्यूब आहे. टायर उतरवायचाच असेल तर आधी लाल टोपीचा वाल, त्याची सगळी हवा, मग टायरची हवा, मगच कड तोडायची, म्हणजे रिमपासून सुटी करायची. बीडलॉक फुगलेलं असताना कड तोडायच्या मशीननं दाबलं तर कड सुटत नाही, वेष्टण मात्र फाटतं.